बंद दारापुढचा नमस्कार

वेलचेरी, चेन्नई
रविवार, १५ जून २०२५

प्रिय कमलिनीमावशी,

साष्टांग नमस्कार. पाकीट बघून दचकू नकोस, माझी तब्येत उत्तम आहे. फोनवर आधी तू बोलतेस आणि मग मी ‘हो’ म्हणते, म्हणून या खेपेला पत्र.

इथे उकाडा असह्य आहे. तू दिलेलं मेतकूट संपलं. निम्मं माझ्या रूममेटने, रंजनीने, डोशावर घालून खाल्लं. ‘आंटीला सांग, पुढच्या वेळी मोठा डबा,’ असा तिचा निरोप आहे. पेरुंगुडीच्या ऑफिसात सगळं नेहमीचंच. जुलैपासून मी दुपारची पाळी मागून घेतली आहे. का, ते पुढे येईलच.

पुण्याला मधुसूदन सरांची संगीत नाटकाची शाळा पाहून आले. गार हॉल, फिरता रंगमंच, भिंतभर आरसे. सर म्हणाले, ‘कमलिनीबाईंची भाची! तुझा गळा काय ऐकायचा?’ आणि खरंच ऐकला नाही. फॉर्म पुढे केला, चहा दिला. मला बरं वाटायला हवं होतं.

परतल्यावर रंजनीने मला जॉर्ज टाउनमध्ये नेलं. कागदाच्या घाऊक दुकानावरचा माडीचा हॉल, खाली हातगाड्यांचा आरडाओरडा. तिथे विजयलक्ष्मी अम्मा संगीत नाटक शिकवतात. तंजावरकडच्या मराठी घरातल्या, सत्तरीच्या. त्यांचं मराठी ऐकताना जुनी पोथी बोलायला लागल्यासारखं वाटतं. म्हणाल्या, ‘बैस. काय येतें तें कर.’

मी आपला बहिणीचा प्रवेश केला. भावाने दार लावून घेतलंय, ती बाहेर उभी राहून हाका मारते आणि तिथेच पद सुरू होतं, तो. डोळे मिटून गात होते (हो, तुझी जुनी तक्रार). पहिला अंतरा संपवून समेवर आले, आणि सबंध हॉलमधून एकदम टाळी पडली!

मावशी, तू शिकवलंस तेच मी केलं. थांबले, दोन पावलं पुढे आले, वाकून नमस्कार केला आणि तोच अंतरा पुन्हा उचलला, वर चार ताना जास्तीच्या.

कोणी हसलंही नाही. सगळे नुसते बघत होते. ती दाद नव्हतीच. इकडे ऐकणारे हाताने ताल धरतात. आठजणांचा हात एकाच वेळी समेवर पडला होता, इतकंच. दोन वर्षं इथे राहून, गाण्याच्या सभांना जाऊनही मी फसले. अम्मांनी विचारलं, ‘आत्तां ती पोर एथे दार वाजवीत होती. कोठें गेली ती?’

मी दोन पावलं मागे सरले.

‘भाऊ कडी काढणार, इतक्यांत तूं नमस्कार कोणाला केलास? सोल्लु मा, सांग.’

नमस्कार प्रेक्षकांना केला होता. पण दार मी खरंच विसरले होते. दार कुठल्या बाजूला होतं, हेसुद्धा आठवेना. जिना उतरताना रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं ते हसू, आणि रंजनीने मला उसाचा रस पाजला.

मला तिथेच शिकायचं आहे. दोन वर्षं, सकाळी साडेसहा ते दुपारी एक. गाणं तू दिलंस, ते कुठे जात नाही. मला गाताना दाराशी उभं राहता येत नाही, ते शिकायचंय. माझं तमिळ भाजी आणि शेअर ऑटोपुरतं आहे. अम्मा म्हणतात, तें येईल.

आता जे लिहायला तीन पानं लागली ते लिहिते. मंगळवारी मी मधुसूदन सरांना ‘येत नाही’ असं कळवून टाकलं. तुला न विचारता. तू त्यांच्याकडे शब्द टाकला होतास, हे माहीत असून. तुला विचारलं असतं, तर मी ‘हो’ म्हटलं असतं.

आणि इथली जागाही अजून माझी नाही. अम्मांची रीत अशी की आधीच्या गुरूची चिठ्ठी आल्याशिवाय त्या कोणाला घेत नाहीत. ‘तिनें घडविलेला गळा मी न विचारतां कशी घेऊं?’ महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. तू लिहिलं नाहीस, तर पुणंही गेलं आणि हेही. चूक माझीच, तुला बोल लावणार नाही.

फक्त एक आठव. मिरजेच्या प्रयोगात तुला चार वन्समोअर मिळाले, आणि चौथ्याला नाटकात मरणशय्येवर पडलेले बाळकृष्णकाका उठून पाणी पिऊन आले, हे तू दर दिवाळीला सांगतेस. आम्ही पोट धरून हसतो. मग तू म्हणतेस, ‘पुढे प्रवेशात ते मेले तेव्हा कोणीच रडलं नाही गं.’ आणि उठून स्वयंपाकघरात जातेस. तेव्हा तू का उठतेस, ते मला त्या माडीवर कळलं.

चिठ्ठी दोन ओळींची चालेल. रागावली असशील तर तेही त्यातच लिही, अम्मा वाचून दाखवतील.

काकांना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

दाराबाहेर उभी,
तुझी
तनया