समोरची खुर्ची

४ जून
पोचलो एकदाचा. नोकरी झकास आहे. न जेवणाऱ्या माणसांच्या दवाखान्यात ताटं वाढायची आणि उचलायची. राहायला खोली, मऊ गादी. आईचा फोन आला, जेवलास का. म्हटलं, इथे कोणी जेवतच नाही, सगळं मलाच. मागून माझी धाकटी बहीण, छोटी, खिदळली. डॉक्टरीणबाईंनी कामावरच्या सगळ्यांना रोज चार ओळी लिहायला लावल्यात, मनात साचू नये म्हणून. माझं कोंबडीपाय अक्षर बघून त्या काही बोलल्या नाहीत. म्हणजे बाई चांगली.

६ जून
इथलं औषध म्हणजे बोलणं. बाईंनी समजावलं, की ही माणसं भूक नाही म्हणून जेवायची थांबत नाहीत. लहानपणी घरात कोणीतरी यांच्या ताटावर नजर ठेवलेली असते, टोमणे मारलेले असतात. ते माणूस पुढे यांच्या आत जाऊन बसतं आणि तिथून हुकूम सोडतं. त्याला बाहेर काढायचं. म्हणून प्रत्येकाच्या टेबलाला समोर एक रिकामी खुर्ची. ते माणूस तिथे बसलंय असं समजायचं आणि तेव्हा बोलता आलं नाही ते आता बोलायचं. आम्हाला ताकीद एकच, त्या खुर्चीवर बसायचं नाही. आचारी म्हणाला, बसायला इथे वेळ कुणाला आहे, मेल्या.

११ जून
खिडकीजवळ एक पोरगी असते, आमच्या छोटीएवढी. मनगट म्हणजे नुसती काडी. तिच्या समोरच्या खुर्चीवर तिची आई. आई जाऊन बरीच वर्षं झाली. घास उचलला की म्हणायची, पुरे आता, तोंड पूस. पोरगी खुर्चीशी भांडते, मग रडते. ताट तसंच परत नेतो.

१४ जून
आज बाई नव्हत्या. पोरगी ताटाला हात लावेना. मला बघवेना. छोटी लहानपणी रुसली की मी समोर बसून भरवायचो. तसाच बसलो, त्याच खुर्चीवर. म्हटलं, जेव बघू. ती माझ्याकडे बघत राहिली आणि सगळं ताट संपवलं. मग हळूच म्हणाली, आलीस तू.
आलीस म्हणाली.
उठताना अंग जड वाटलं. उभ्याचं काम आहे, होतं असं.

२० जून
पोरगी दोन्ही वेळा जेवते, हसते. घरी सोडणार आहेत. नर्स म्हणते, काय जादू केलीस रे. बाईंनी विचारलं, खुर्चीवर कोणी बसलं होतं का. नाही म्हणालो.
माझी भूक गेलीय. घास पुठ्ठ्यासारखा फिरतो. काळजी वाटायला हवी. काहीच वाटत नाही.

२३ जून
फोनवर छोटी तोंडात घास घेऊन शाळेतलं काहीबाही सांगत होती. मी म्हणालो, पुरे आता, तोंड पूस.
आवाज माझाच. पण मी बोललो नव्हतो.
तिने फोन आईकडे दिला.

२६ जून
आई म्हणते, छोटी जेवत नाही. त्या फोनपासून. आईला वाटतं, रुसलीय.

२७ जून
बाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. मला टेबलाशी बसवलं, समोर रिकामी खुर्ची. म्हणाल्या, बोल त्या पोरीच्या आईशी.
बराच वेळ बसलो. खुर्चीवर कोणी येईना. खुर्ची रिकामीच — म्हणजे ती अजून माझ्यातच —

२९ जून
मी फोन उचलत नाही. कोणाशी बोलत नाही. नर्सला मान हलवून सांगतो.

३० जून
आईने आचाऱ्याला फोन केला. छोटीला उभं राहिलं की घेरी येते. आई म्हणते, तू सांग, ती तुझंच ऐकते.
आचाऱ्याने फोन माझ्या कानाला धरलाय. मी लिहितोय, तोंड बंद राहावं म्हणून — दात आवळून — तिच्यापुढे ताट आहे, आई सांगते —
छोटी विचारतेय, दादा, जेवू का —
हो म्हणायचंय. नुसतं हो — ओठ उघडतायत — छोटे, फोन ठेव, हे मी नाही —