चोरचोळी

खापरखेडा, जि. नागपूर
९ फेब्रुवारी १९७७

प्रिय सिंधूताईस,

सुभद्राचा सप्रेम जयभीम. आम्ही सगळे बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

तुझं पत्र आणि पाठवलेल्या मूगवड्या मिळाल्या. यांची पॉवर हाउसची पाळी सध्या रात्रीची, त्यामुळे दिवसा हे घोरतात आणि सासूबाई रेडिओ लावून निवडणुकीच्या बातम्या ऐकतात. कोण कुठून उभं आहे ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत.

तू विचारलंस, पोट केवढं दिसतं, पाय सुजतात का, काय खावंसं वाटतं. पोट चांगलं दिसतं. पाय सुजत नाहीत. खावंसं काही वाटत नाही.

दिवाळीत सासूबाईंनी माझी चोरचोळी केली ते तुला कळवलंच होतं. तिसरा महिना, बाहेर कुणाला कळायच्या आत सुनेला हिरवी चोळी द्यायची आणि तोंड गोड करायचं. हे म्हणाले, आई, आपण हे सगळं सोडलं ना. त्या म्हणाल्या, देव सोडले, चोळी नाही सोडली. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर सुनेचं पोट दिसलेली बाई कुणाचं काय ऐकणार. तेव्हापासून माझ्या भाकरीवर तूप पडतं.

ताई, तेव्हाही मला अंगावरून जात होतं. कॉलनीतली एक बाई म्हणाली, काहींना दिवस राहिल्यावरही थोडं जातं. मला तेच ऐकायचं होतं, मी ऐकलं. मग ओटीपोटात कळा सुरू झाल्या. कळ आली की मी शेगडीपुढेच वाकून बसते आणि पदर तोंडात कोंबते. इतकं जातं की उभं राहिलं तर डोळ्यांपुढे अंधारी येते. शेवटी यांनी मला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं, नळी लावून ऐकलं. मी म्हटलं, पुन्हा ऐका. त्यांनी न चिडता पुन्हा ऐकलं. मग फोटो काढला. बाळाचं एकही हाड त्यात नाही. पिशवीत मांसाच्या गाठी आहेत, संत्र्याएवढ्या, आणि एकदोन नाहीत. थोड्या असत्या तर नुसत्या गाठी काढल्या असत्या, आता पिशवीच काढावी लागेल, आणि रक्त असंच जात राहिलं तर पुढे ऑपरेशनही झेपणार नाही, असं त्या म्हणाल्या. येत्या सोमवारी बोलावलं आहे. हे म्हणाले, सही मी करतो, पण हो तू म्हणायचं.

सासूबाईंचं म्हणणं निराळंच. गेल्या वर्षी त्यांच्या माहेरी नसबंदीवाल्यांची गाडी आली की माणसं तुरीच्या वावरात लपायची. तेव्हापासून ऑपरेशन म्हटलं की त्यांना तेवढंच दिसतं.

"लेकरू पाडतीन अन् तुही नस बांधून देतीन," त्या मला म्हणाल्या. "कवळी हाडं फोटोत काहून दिसतीन वं?"

तू हसशील. मी हसले नाही. मला वाटलं, म्हातारीचं खरं असलं तर?

हे मी यांनाही सांगितलेलं नाही. भूल दिल्यावर पुन्हा जागच आली नाही तर, ही भीती आहेच. पण त्याहून मोठी भीती ही, की पोट उघडतील आणि आत ते असेल. आणि मीच हो म्हटलेलं असेल. ताई, मला हालचाल जाणवते. वारा असेल, आतडं असेल, सगळं कळतं. तरी हात तिथे जातो.

काल दुपारी कळ ओसरल्यावर मी पडून होते. सासूबाई आल्या, रेडिओ बंद केला आणि माझ्या पोटाला कान लावला. गावाकडे त्यांनी कितीतरी बायकांची बाळंतपणं केली आहेत. बराच वेळ त्या तशाच वाकून होत्या. नळावर बायका भांडत होत्या, तेवढाच आवाज येत होता. मी त्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, काहीतरी ऐकू येऊ दे. मग त्या उठल्या.

"झोपलं हाये," त्या म्हणाल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. बाहेर गेल्या आणि सकाळीच झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला लागल्या.

नळी खोटी, फोटो खोटा, असं मी स्वतःला सांगू शकत होते. तो खराटा ऐकला आणि मला कळलं. त्यांनाही कळलं आहे. संध्याकाळी हे कामावर निघताना मी हो म्हणून टाकलं. सासूबाईंना सांगायला तोंड उघडत नाही. आजही त्यांनी तूप वाढलं आणि मी मुकाट्याने खाल्लं.

तू रविवारीच ये. शेंगा फोडायच्या राहिल्या तर राहू देत, भाऊजींना चार दिवस हाताने करून खाऊ दे. मला बेशुद्ध करायला आत नेतील तोवर हात धरायला आपल्या आईच्या पोटचं कुणीतरी हवं. मला फार भीती वाटते गं. टोपडी शिवून झाली असतील तर उसवू नकोस, कुणाच्या तरी कामी पडतील. इथे मात्र आणू नकोस.

मागच्या पत्राखाली मी मजेने 'आम्हा दोघींचा जयभीम' असं लिहिलं होतं, मुलगीच आहे असं धरून. त्यातली एक खोडून टाक. हा माझ्या एकटीचा जयभीम.

तुझी,
सुभद्रा