अहवाल मिळालाच नाही

११ मार्च

दादाला क्षयरोग आहे. आरोग्य अधिकाऱ्यांनी आज दुजोरा दिला. त्याच्या गाण्याच्या क्लासमधली एक मुलगी इस्पितळात आहे. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हा खिडक्या लावून शिकवायचा. एक खोली, वीस मुलं, वर याचा खोकला. मुलीच्या वडिलांनी पोलिसांत तक्रार दिली – आजार माहीत असून पसरवला. भरपाईची नोटीस वेगळी.

दादा म्हणतो, "मला तपासणीचा अहवाल मिळालाच नाही." साठी उलटली तरी हात झटकायची सवय जात नाही.

१२ मार्च

वकीलबाई स्पष्ट बोलल्या. "आजारी पडणं हा गुन्हा नाही. माहीत असून क्लास चालू ठेवणं, हा गुन्हा. त्यांना कळलं कधी, यावर सगळं आहे."

दादाला तेच विचारलं.

"अरे, ते म्हणाले कळवतो. नाही कळवलं. म्हटलं, काही नसेल."

"तीन आठवडे?"

"तुझ्यासारखा मी प्रत्येक गोष्टीमागे धावत नाही."

वर वहिनी माझ्याच अंगावर आल्या – "भाऊजी, तुम्ही भाऊ म्हणून आलात की बातमीदार म्हणून?"

१३ मार्च

मुलीला ऑक्सिजन लावलाय.

संपादकांनी ही बातमी माझ्याकडून काढून घेतली. बरं झालं.

१४ मार्च

प्रयोगशाळेने पोलिसांना लेखी दिलं – अहवाल १९ फेब्रुवारीला फोनवर पाठवला, तो उघडलाही गेला. संपलं. दादाला तोंडाला येईल ते बोललो. तो एवढंच म्हणाला, "माझ्या बटनांच्या फोनवर काय उघडणार रे?"

उडवाउडवी. तीस वर्षं बातम्या लिहितोय, खोटं बोलणारा मला ओळखता येतो.

१५ मार्च

सकाळी वहिनींनी प्रयोगशाळेच्या अर्जाची प्रत पाठवली. सोबत एक ओळ – "एकदा नीट वाचा." संपर्काच्या रकान्यात दादाचं अक्षर. नंबर माझा.

फोन शोधला. १९ फेब्रुवारी, संध्याकाळी पावणेसहा. पान छपाईला सोडायची वेळ. त्या तासाला पत्रकं, निमंत्रणं, जे येईल ते उघडायचं आणि सरकवायचं – नंतर वाचू म्हणून. हाही उघडलेला आहे. खाली मी एक अंगठाही पाठवलाय.

वकीलबाईंना सांगितलं. उद्या अकरा वाजता पोलीस जबाब घेणार आहेत. माझा.