बैलगाड्यांची कडेची वाट

मंगळवार, २१ जुलै १९३६, नागपूर

कालपासून लकडगंजच्या रस्त्यावर मधला डांबरी भाग मोटारींना आणि कडेची मातीची वाट बैलगाड्यांना दिली आहे. ती वाट पक्की असल्याचा अहवाल माझाच. आज तिथे कळमेश्वरच्या एका म्हाताऱ्याची गाडी चिखलात रुतली आणि बैलाचा पाय मोडला.

बैलाच्या मानेवर हात ठेवून त्याने विचारलं, "साहेब, तुम्ही इथून चालून पाह्यलं होतं का?"

मी "हो" म्हणालो. का म्हणालो? अहवाल तर कचेरीत बसून लिहिला होता.

"तं मंग माह्या बैलाचंच चुकलं असंन," तो म्हणाला.

ते "हो" अजून टोचतं आहे. माझ्या वरच्या साहेबांना खरं कळवायला चारदा कागद घेतला. चारही वेळा पहिलं वाक्य तेच उतरलं, 'पाऊस अनपेक्षित झाला.'