बेडकाची साक्ष

६ ऑक्टोबर १९६४, देरा (आखात)

पुन्हा तेच! "बायोलॉजी म्हंजे काय गो? डॉक्टर होणार काय?" – हव्वाबी, माझी सासू. सांगितलं, अम्मा, दवाखान्यात लॅब उघडतेय. तिथल्या डॉक्टर अजरा मॅडम संध्याकाळी क्लास घेतात. परीक्षेत जो चांगला ठरेल त्याला लॅबमध्ये नोकरी. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे लोकांचं मूत तपासायचं! त्यापरीस घरात मासळी साफ कर." लग्नाआधी मी रत्नागिरीला कॉलेजात एक वर्ष सायन्स केलं, लग्न ठरल्यावर हीच बाई गावभर सांगत फिरत होती – सून डॉक्टरीण!

शेवटी इद्रीस मध्ये पडला. नवराच तो, बायकोची बाजू घेतानाही आईकडे बघून बोलतो. "जाऊ दे अम्मा. दिवस गेले की क्लास, नोकरी, सगळं खलास." कबूल, म्हटलं. लग्नाला सात वर्षं झाली, अजून दिवस गेलेले नाहीत. म्हणजे जन्मभराची परवानगी मिळाली की! यल्ला, चला!

१३ ऑक्टोबर

वर्गात दोघंच. मी आणि खैरुद्दीन. "बाईमाणसाला रक्त बघून चक्कर येते," म्हणाला. मग मॅडमनी त्याच्याच बोटाला सुई टोचली आणि साहेब आडवे! पाणी मी मारलं तोंडावर. जरा जास्तच मारलं.

२७ ऑक्टोबर

खैरुद्दीनचं आजचं भाषण – बायोलॉजी शिकून माणूस काय काय होतो. डॉक्टर, कंपाउंडर, मास्तर, मासळीखात्यात साहेब. आणि बाई? "नर्स. नाहीतर आई. पण तुमचं तर..." इथे थांबला मेला. थांबून काय उपयोग, बोलून तर गेला!

३ नोव्हेंबर

आज मायक्रोस्कोपखाली स्वतःचं रक्त पाहिलं. जागची हलले नाही. मला ही नोकरी हवी आहे. हवीच!

१० नोव्हेंबर

मसाफीच्या डोंगरातून तुपाच्या डब्यात बेडूक आले. सगळे नर. बाईची लघवी नर बेडकाला टोचायची. दोन-तीन तासांनी त्याची लघवी काचेवर घेऊन बघायची. बाईला दिवस गेले असतील तर बेडकाच्या लघवीत त्याचं नरबीज दिसतं, नसतील तर काही नाही. सगळ्या पुरुषजातीत हा एकटाच बाईबद्दल खरं बोलतो!

घरी सांगितलं तर अम्मा म्हणाली, "तौबा तौबा!" आणि मी हात धुतले तरी माझ्या हातची चपाती नको म्हणाली.

१७ नोव्हेंबर

परीक्षा. मला दोन बाटल्या हव्या होत्या. एक सातव्या महिन्यातल्या पेशंटची. दुसरी – जिला दिवस नाहीतच अशा बाईची. मॅडम म्हणाल्या, "खात्रीची कोण मिळेल?" मी म्हटलं, माझीच घ्या, सात वर्षांची खात्री आहे! मॅडम हसल्या. खैरुद्दीन तर पोट धरून हसला. मीही हसले. पाळी लांबली होती, पण ती नेहमीच लांबते.

दोन्ही बेडकांच्या लघवीत नरबीज निघालं.

"इतनी सी बात में गलती, जहांआरा? दोनों को एक ही बोतल लगा दी!" मॅडमनी चष्मा काढून ठेवला. मी शपथेवर सांगितलं, एकाच बाटलीतलं दोघांना टोचलेलं नाही. खैरुद्दीन खिडकीतून खाडीकडे बघत बसला, साळसूदासारखा. शेवटी मॅडम म्हणाल्या, उद्या पुन्हा. एकच संधी.

वाटभर रडले. एवढी साधी गोष्ट मला जमू नये?

१८ नोव्हेंबर

पुन्हा माझीच, पण नवी बाटली. नवा बेडूक. मॅडमनी स्वतः पाहिलं, मग मला बघायला लावलं. नरबीज वळवळत होतं, ढिगाने.

कालची चूक नव्हतीच. पास झाले. पहिली आले. नोकरी माझी.

मॅडमनी मिठी मारली तेव्हा आनंद झाला. सात वर्षं मागितलं होतं ते मिळालं. आणि तेवढाच रागही आला – आत्ताच?

घरी आले. अम्मा म्हणाली, "काय गो, काय म्हणाला तुझा बेडूक?"

काही नाही, म्हटलं.