सोडलेले मासे

३ मे

आज पुन्हा एक! काठाला, पोट वर. गेल्या आठवड्यात सोडलेलाच, ओठाला गळाची खूण होती. सोडला तेव्हा ठणठणीत होता, शेपटी मारून माझं तोंड भिजवून गेला होता.

या तळ्यात मासा पकडायचा आणि सोडायचा, खायचा नाही. हौशी लोक गळ टाकतात. मासा काठाशी आला की राखणदार काका किंवा मी जाळीत घेतो, गळ काढतो, सोडून देतो. एवढंच काम — आणि तेवढंही धड होत नाहीये.

काका म्हणतात, "उन्हाळ्यात चार-दोन मरतातच. दरवर्षीचं आहे."

४ मे

काकांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, "मासा कोरड्या फडक्यात धरायचा, पोरी. निसटून दगडावर आपटला की संपला." तसंच धरते. तान्ह्या बाळासारखं. मग मरतात कशाने?

मला माहितीये कशाने. दातांचा डॉक्टर! दर रविवारी हजर. फडकं नको म्हणतो. आधी दोन्ही हात पाण्यात बुडवून बसतो, जसं काही ऑपरेशनच आहे. मग मासा उचलून — फोटो! "ताई, जरा उजेडाकडून घ्या ना." माशाचं तोंड उघडतंय, मिटतंय. याचं काही मिटत नाही. मला शिकवायला लागला तेव्हा म्हटलं, तुम्ही दात बघा!

सायकलचं पंक्चर काढायचं होतं, राहिलं. खंड्या बघत बसले तासभर. तीनदा सूर मारला, तीनदा चोच रिकामी. बरं वाटलं.

७ मे

आईचा फोन. "या वेळी किती दिवस?" बेकरीत पाच आठवडे, फोटो स्टुडिओत तीन महिने, सगळं तोंडपाठ आहे तिला. म्हणायचं होतं, आई, इथे राहावंसं वाटतंय गं. म्हटलं, "बघू."

१० मे

दोन! तळं चालवणाऱ्या मंडळाचे सेक्रेटरी आले, नाकाला रुमाल लावून. "आणखी मेले तर तळं बंद. मग तुम्हा दोघांनाही सुट्टी." मी डॉक्टरचं नाव सांगून मोकळी झाले. आजपासून त्याला बंदी.

११ मे

आला होता. फाटकातूनच परत पाठवला. "ताई, माझं काय चुकलं?" फाटकाला कडी घातली.

२० मे

तीन. तीन!! डॉक्टर तर फिरकलेलाही नाही.

एक बाहेर काढून नीट बघितला. अंगावर कापसासारखी पांढरी बुरशी, पण सगळीकडे नाही. एका कुशीवर चार पट्टे. दुसऱ्या कुशीवर एक, आखूड. सहज हात ठेवून पाहिला. बोटावर बोट बसलं. माझंच.

दोरीवर फडकं वाळत होतं. पुठ्ठ्यासारखं कडक, चकचकीत. माशांच्या अंगावरची सगळी बुळबुळ त्याच्यात! मला वाटायचं घाण आहे, पुसली गेली तर बरंच.

पंक्चर तसंच, म्हणून चालतच डॉक्टरच्या दवाखान्यात गेले. पेशंटच्या रांगेत बसले. नंबर आल्यावर विचारलं, बुळबुळ कशासाठी असते?

"तेच त्याचं चिलखत, ताई. ते निघालं की रोग आत शिरतो. लगेच नाही मरत, आठवड्याने मरतो. म्हणून तर हात ओले करायचे."

"मग आधी सांगायचं ना!"

"सांगत होतो. तुम्ही दात बघायला सांगितलंत."

बाहेर बसलेली बाई हसली. मला रडूही येईना. बाळासारखं धरून सोलत होते मी त्यांना!

तिथूनच सेक्रेटरींना फोन केला. डॉक्टरची बंदी उठवा, चूक माझी आहे म्हटलं. ते म्हणाले, उद्या बघतो काय करायचं तुझं.

२१ मे

सेक्रेटरी यायच्या आत काकांना सांगितलं — मासे मी मारले, या फडक्याने. वाटलं, ओरडतील, हाकलतील. ते फडकं हातात घेऊन पायरीवर बसले. म्हणाले, "तू तर आत्ता आलीस गं. मी एकोणीस वर्षं धरतोय."