ऐनावरची राखण

१४ सप्टेंबर
आज पोचलो. वीटभट्टीच्या धुरापेक्षा सारंड्याचं हे रान शंभरपट बरं. गोनोमामांच्या राखणीत ऐनाची चाळीस झाडं, त्यांवर कोसा रेशमाच्या अळ्या, बोटाएवढ्या, हिरव्यागार. मी गलोलीनं कावळे हाकायचे, आणि झाडाचा पाला संपला की अळ्यांसकट डहाळी कोयत्यानं छाटून दुसऱ्या झाडाला बांधायची. सोबतीला सिदिऊ, मामांचा सख्खा भाचा. त्याचं ऐकून मीही मामाच म्हणतो. माझं अक्षर बघून तो म्हणाला, मुंगळे चालवलेस का रे वहीवर.

मामांनी नेम सांगितला. कोसे, म्हणजे अळ्यांचे कोश, उतरेपर्यंत मांस नाही, हळद-तेल नाही, दारू नाही. मोडला तर अळ्या मरतात. ज्यानं मोडला त्यानं कबूल करायचं, अंघोळ करायची, घरी जायचं. बस्स.

२२ सप्टेंबर
गलोलीनं तितर पडला. ओढ्याकाठी भाजून खाल्ला, एकट्यानं. पिसं पुरली.

२५ सप्टेंबर
सात झाडांवरच्या अळ्या मेल्या. मागच्या पायांनी डहाळी धरून उलट्या लोंबतायत, तोंडातून काळं पाणी गळतंय. मामांचं हे तिसरं वर्ष बुडतंय. ते रागावले नाहीत. कोणी मोडला, एवढंच विचारलं. सांगावं तर परत भट्टी. मी मेलेल्या अळ्या वेचू लागलो. सिदिऊ हसून म्हणाला, अळ्यांनीच तांदळाची दारू ढोसली असेल. मामा त्याच्याकडे बघतच राहिले.

२७ सप्टेंबर
सकाळी पाणी घेऊन आलो तर सिदिऊ मधल्या ऐनाला — पाय वर, डोकं खाली. गळा चिरलेला. मामा पाल्यानं कोयता पुसत होते. म्हणाले, "आता बघ, कशा खातात."
खातायत. त्या झाडावर एकही मेली नाही. पाला कुरतडल्याचा आवाज इथवर येतोय.
वाट एकच. तिच्यावर मामा बसलेत.

२८ सप्टेंबर
आणखी पाच झाडं गेली. मामांच्या कुत्र्यानं ओढ्याकाठची पिसं उकरून आणलीत —

दुपार
ऐनावर चढलोय. वही कमरेला होती. खालून मामा नेहमीच्याच आवाजात बोलावतायत. "उतर रे राजा. अंघोळीचं पाणी काढलंय."
ओरडून सांगितलं, मी खाल्ला, मी. सिदिऊनं नाही.
म्हणाले, आत्ता सांगतोस होय.

पाला संपलाय. अळ्या माझ्या हातावर —

मामा वर आले. माझी फांदी छाटतायत. अळ्यांना हिसका बसू नये म्हणून हळूहळू. बांधायचा दोर खांद्यावर —

फांदी वाकली. अजून एक घाव आणि